झाकलेलं ताट

मला गळीत हंगाम आवडत नाही. साखर कारखान्यात पंचवीस-सव्वीस वर्षं काढलेल्या माणसानं असं बोलू नये म्हणतात. मी बोलतो. दसरा उरकला की आमच्या कारखान्याचा पहिला भोंगा वाजतो आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणते, "झालं, आता सहा महिने ह्यांच्या तोंडी लागायला नको." बरोबर आहे तिचं. भोंगा वाजला की माझं डोकं उठतं. मग मळीचा तो आंबूस वास गावभर पसरतो. पुण्याकडचा एखादा पाहुणा नाक वर करून म्हणतो, "काय छान गोड वास येतोय हो इथं!" त्याला म्हणावं, आठ दिवस राहा, वाळत घातलेल्या सदऱ्याला तो वास चिकटू दे, मग सांग मला.

बारामतीहून इंदापूरकडं जाणारा रस्ता ह्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांचा असतो, माणसांचा नसतो. ट्रॅक्टरवाला गाणी लावून मधोमध चाललेला. त्याच्या मागं एसटी, एसटीच्या मागं मी. हॉर्न वाजवून उपयोग नाही, त्याला त्याच्या गाण्यापुढं काही ऐकू येत नाही. पाचट उडून तोंडावर येतं. लोकांना ह्यात सुगी दिसते. मला नव्वदच्या दशकातला एकच हंगाम दिसतो, आणि तो दिसला की कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. बहुतेक वेळा समोर बायको असते.

कारखान्यात माणसं दोन जातींची असतात, कायम आणि हंगामी. कायम माणसाला बारा महिने कारखाना. हंगामी माणसाला पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत. ऊस संपला की घरी जायचं. पुढच्या दसऱ्याच्या आधी फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागते, तीत नाव असलं तर यायचं. नसलं तर नाही. का नाही, हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तर कुणी सांगत नाही.

मी हंगामी होतो. कन्हेरीचा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडील शाळामास्तर झाले आणि मी बारामतीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आमच्या आळीतला पहिला. कारखान्यात लागलो तेव्हापासून वडलांचा रोजचा एकच प्रश्न, "कायमची ऑर्डर कधी?" जेवताना विचारायचे, दाढी करताना आरशातून विचारायचे. दुसऱ्या हंगामाला आमचे शेतकी अधिकारी शितोळेसाहेब म्हणाले, "एवढा हंगाम बिनबोभाट काढ, अनिल. शेवटी तुझी ऑर्डर मी काढतो." ते ऐकून वडील त्या दिवशी गप्प जेवले, पहिल्यांदाच.

बिनबोभाट! काय शब्द आहे.

कारखान्यात एसी फक्त कॉम्प्युटर रूमला. यंत्राला गार लागतं म्हणून बसवलेला, पण जेवणानंतर निम्मे साहेब तिथंच येऊन टेकायचे. चपला बाहेर काढायच्या, जणू देवळातच आलोय. खुर्च्यांवर ही मंडळी ढेकर देत बसलेली आणि मी उभा राहून की-बोर्ड बडवतोय. एकदा एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "कोट्यातल्या हातात मशीन दिल्यावर आणि काय होणार?" मी दोन हातांवर होतो. त्यानं आवाजसुद्धा कमी केला नाही.

आता त्या प्रोग्रामचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याचं. कारखान्याच्या हाताखाली पाच गट होते. गट म्हणजे आसपासच्या गावांचा एक जथा आणि त्यांचं एका खोलीचं ऑफिस. कन्हेरीला एक, पळसदेवला एक, आणखी तीन. प्रत्येक ठिकाणी एक कॉम्प्युटर आणि तो टेलिफोनच्या तारेला जोडणारा मोडेम. कुणाचा ऊस कधी लावलेला, कुणाचा पिकला, ऊसतोडीच्या टोळ्या कुठं रिकाम्या आहेत, हे प्रत्येक गटानं आपल्या मशीनवर जुळवायचं. सकाळी दहाला कारखान्यातलं मशीन पाचांना फोन लावायचं, पाचांकडून जुळणी आली की सगळ्यांची मिळून एक यादी छापायची : आज टोळी कुणाच्या रानात जाणार. एक काम सहा मशीनांनी वाटून घेतलेलं. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती, पेपरात फोटो आला होता. फोटोत मी नव्हतो.

आणि त्यात संचालक मंडळानं एक अट घातली होती. आधीच्या वर्षी बोंब झाली होती की अमक्या गटाची यादी आधी निघते आणि त्याचाच ऊस आधी तुटतो. म्हणून ठराव झाला : पाचही गटांची हजेरी लागल्याशिवाय यादी छापायची नाही. एक म्हातारे संचालक मीटिंगमध्ये म्हणाले होते, "पंगत पुरी बसल्याबिगर वाढत्यात का कुठं?" सगळ्यांनी माना हलवल्या. पुण्याहून टाय लावून आलेल्या इंजिनिअरनं ही अट जशीच्या तशी प्रोग्रामात लिहिली. पाचवा आलाच नाही तर काय, हे त्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. पंगतीला माणूस उशिरा का होईना येतोच, असाच सगळ्यांचा समज.

पहिल्यांदा मशीन हँग झालं ते दिवाळीनंतर लगेच. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'कृपया थांबा' असं मराठी आलं आणि तिथंच राहिलं. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. की दाबली तर काही नाही. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. यादी नाही म्हणून टोळ्या बसून, टोळ्या बसून म्हणून गाड्या नाहीत, आणि दुपारी गव्हाण रिकामी. गव्हाण म्हणजे जिथं ऊस ओततात ती जागा, कारखान्याचं तोंडच ते. गव्हाण रिकामी पडली की कारखाना उपाशी आणि फळ्यावर खडूनं लिहितात 'नो केन'. ते दोन शब्द लिहिले की चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे पिसाळतात, आणि पिसाळून येतात कुठं, तर एसीत.

"काय केलंस?" शितोळेसाहेब.

"काही नाही केलं, साहेब."

"मग कसं बंद पडलं? कुणीतरी हात लावल्याशिवाय पडतं का?"

इंजिनिअर पुण्याहून आला. गेस्ट हाऊसला कोंबडी खाल्ली, पडद्याकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "तुम्ही नेटवर्कमध्ये काही बदलू नका. बदललं की असं होतं." एवढं बोलून तो गेला. पुढच्या खेपेला मशीन अडकलं तेव्हा साहेबलोकांनी नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. हळद की-बोर्डात गेली, ती मी टाचणीनं काढत बसलो. मला त्या मंडळींचा जो संताप आला होता तो अजून आहे तसाच आहे. नेटवर्क बदलू नका म्हणे! अरे बाबा, ह्या मुलखात फोनची तार कशी असते ते बघ तरी. उसाची ट्रॉली मापाबाहेर भरतात, ती रस्ता ओलांडताना तार ओढून नेते. आमचाच ऊस, आमच्याच कारखान्याकडं येताना, आमचीच तार तोडायचा. मग लाइनमन दुसऱ्याच खांबावरून जोडून द्यायचा. एका गटाचं ऑफिस सोसायटीच्या खोलीतून शेजारच्या खोलीत गेलं. एकाचा मोडेम विजेनं जळाला. रोज काहीतरी बदलायचंच.

मी एक वही केली. मशीन कधी हँग झालं, त्या दिवशी कुठं काय बदललं. दीड महिन्यात वहीत चौदा नोंदी झाल्या, आणि चौदाही वेळा कुठला तरी एक गट फोनवर आला नव्हता. बाकीचे चार आलेले असायचे. ते चार तयार, कारखान्याचं मशीन तयार, आणि सगळे मिळून त्या एकाची वाट बघत बसलेले. बिघडलेलं काहीच नव्हतं. प्रोग्राम सांगितलं तेच करत होता. मी वही घेऊन शितोळेसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "वह्या लिहायला ठेवलंय का तुला?"

जानेवारीत पळसदेव गेलं. एक दिवस नाही, लागोपाठ तीन दिवस. मशीन नंबर फिरवतंय, तिकडं घंटी वाजतीय, उचलत कुणी नाही. तीन दिवस नो केन. तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब स्वतः कॉम्प्युटर रूममध्ये आले. चपला न काढता. मला काही बोलले नाहीत, शितोळेसाहेबांकडं बघून म्हणाले, "हा कायम व्हायचाय ना?" आणि निघून गेले. मी फ्लॉपी खिशात घातली आणि मिळेल ती एसटी धरून पळसदेवला गेलो.

पळसदेवचं ऑफिस निवृत्तीतात्यांकडं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतर, वर कारखान्याचा खाकी शर्ट. सतरा हंगाम काढले होते आणि सतराही हंगामी म्हणून. पंचावन्नाव्या वर्षी की-बोर्ड शिकले, एका बोटानं, पण चूक नाही. मी गेलो तेव्हा ते मशीनसमोर ताठ बसले होते. त्यांच्याही पडद्यावर तेच, कृपया थांबा.

"तीन दिस झालं बसलोय," तात्या म्हणाले. "तुमचं मशीन हाकच मारंना."

"अहो, फोन लावतोय की रोज. तुम्ही उचलत का नाही?"

"कुटल्या नंबरावर लावतूय? हितं नवं एक्स्चेंज झालं, नंबर बदलला. म्या तर सोमवारीच येऊन कागुद दिला सायबाकडं, शितोळेसायबाच्या हातात. त्येंनी टेबलावरच्या काचंखाली घातला की माझ्यादेखत."

मी कपाळावर हात मारला. तीन दिवस मी शिव्या खात होतो आणि नंबर काचेखाली होता! तात्यांवर ओरडून घेतलं, कारण साहेबावर ओरडता येत नव्हतं. तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चल, जेवून घे आधी. रिकाम्या पोटी मानूस लई वराडतो."

त्यांच्या घरी जाताना माझी एक तयारी होती, ती लपवत नाही. आपल्याला बाहेर ओसरीवर बसवतील, पाणी वरून देतील, आणि आपण काय बोलायचं. मी वाक्य जुळवत चाललो होतो. धरणाचं पाणी उतरायला लागलं होतं, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर लांबून दिसत होतं, तात्या ते बोटानं दाखवत होते आणि माझं लक्ष नव्हतं. घरात गेलो तर तात्यांनी मला आपल्या शेजारी चुलीपुढं बसवलं. माशाचं कालवण, भाकरी. माझं जुळवलेलं वाक्य वाया गेलं, त्याचाही मला रागच आला थोडा.

चार ताटं वाढलेली, माणसं तीन. चौथ्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं.

"कुणी यायचंय का?" मी विचारलं.

"जावई येनार हाय भिगवनवरनं. एसटी चुकली आसंल त्याची."

"मग थांबू की थोडं."

"कशापायी?" काकू म्हणाल्या. "त्येंचं ताट झाकून ठिवलंय. येतील तवा जेवतील. समद्यांनी उपाशी बसून काय हुनार हाय?"

माझा घास हातातच राहिला. तात्यांना वाटलं काटा लागला. मी म्हणालो, "तात्या, काकूंना संचालक करायला पाहिजे." ते हसले, त्यांना काही कळलं नाही.

पुण्याच्या इंजिनिअरनं मूळ प्रोग्राम आमच्याच मशीनवर सोडलेला होता. परत आल्यावर पळसदेवचा नवा नंबर घातला आणि दोन दिवस खपून मी त्या प्रोग्रामात आठ-दहा ओळी वाढवल्या. गट फोनवर आला नाही तर दहा मिनिटं वाट बघायची. नाहीच आला तर त्याची कालची जुळणी घ्यायची, यादीत त्या गटापुढं एक चांदणी छापायची आणि पुढं जायचं. त्याचं ताट झाकून ठेवायचं. परीक्षा बघायला तात्यांना फोन करून सांगितलं, आकडे जुळवा आणि दहाच्या आधी मोडेमची वायर काढा.

"काय जळंल-बिळंल का?"

"नाही जळत. काढा."

दहा वाजून बारा मिनिटांनी प्रिंटर खडखडला. पळसदेवपुढं चांदणी आणि यादीत पाचही गटांतल्या शेतकऱ्यांची नावं. मी त्या रिकाम्या खोलीत एकटाच ओरडलो. त्या अख्ख्या हंगामात मला आनंद झाला असा तो एकच दिवस.

तीन आठवडे यादी रोज निघाली. तारा तुटल्या, खांब पडले, यादी निघाली. नो केन एकदाही नाही. ह्याबद्दल मला कुणी चांगलं म्हणालं का? नाव नका काढू. चालतंय म्हटल्यावर कुणाचं लक्षच नव्हतं. मग एके दिवशी एका संचालकांच्या गटापुढं चांदणी आली आणि त्यांच्या स्वतःच्या उसाची टोळी एक दिवस मागं गेली. एक दिवस! बाई, बाई, बाई! दुपारी एसीत सगळी यात्रा भरली.

"माझ्या गटाला चांदणी? मी हजर नसताना यादी छापलीच कशी? ठराव मंडळाचा हाय का ह्याच्या बापाचा?"

वडलांचं नाव निघालं तेव्हा मी दोन पावलं पुढं गेलो होतो. शितोळेसाहेबांनी दंड धरून मागं ओढलं, नाहीतर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. कधी कधी वाटतं, ओढलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी साहेबांनी केबिनला बोलावलं. टेबलावर काच होती, काचेखाली आता काही नव्हतं. साहेब शांत होते. म्हणाले, "प्रोग्राम होता तसा कर. आणि जानेवारीतल्या त्या तीन दिवसांचं कारण लेखी पाहिजे. वार्षिक सभेत विचारतील. लिही की पळसदेवच्या क्लार्कनं बदललेला नंबर वेळेत कळवला नाही."

"साहेब, तात्या नंबर देऊन गेले होते."

"कुणाकडं?"

"तुमच्याकडं."

साहेब हसले. "लिहिलंय कुठं?" मग खण उघडून एक कागद अर्धा वर काढला. माझं नाव, पुढं 'कायम'. टाइप होऊन आलेला, खाली सहीची जागा मोकळी. "तुझं तू ठरव," असं म्हणून त्यांनी खण पुन्हा लावला.

हे मी खूप वेळा स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलंय. वडलांचं वय झालं होतं. आमच्या आळीतला पहिला मीच होतो. मी नाही लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. तात्या तसेही हंगामी होते, त्यांचं काय बिघडणार. सगळं खरं आहे आणि सगळं बकवास आहे. मी कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप केल्या, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, सही केली. मग माझ्या त्या आठ-दहा ओळी प्रोग्रामातून काढून टाकल्या. दुसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा हँग झालं. कुणाची काही तक्रार नव्हती, ठरावाप्रमाणंच झालं होतं.

ऑर्डर घरी नेली तेव्हा वडलांनी ती उभ्यानं, मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. गल्लीत पेढे वाटले. मी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिलो.

आता सगळं बदललंय. फायबर आली, सर्व्हर कुठं आहे ते मलासुद्धा माहीत नाही, टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर यादी येते. तरी पाऊसपाण्यात कुठं काही तुटलं की सगळं जागच्या जागी थिजतं आणि नवे इंजिनिअर माझ्याकडं बघतात. मी त्यांच्यावर खेकसतो, "एक मशीन गेलं तर बाकीच्यांनी काय करायचं, हे आधी लिहायचं असतं, कळत नाही का?" ते माझ्या पाठीमागं मला म्हातारा खविस म्हणतात. म्हणू देत.

पुढच्या दसऱ्याच्या आधी फळ्यावर यादी लागली. ती मीच टाइप केली होती, कारण मी आता कायम होतो आणि ते माझं काम होतं. तात्यांचं नाव साहेबांकडून आलेल्या हस्तलिखितात नव्हतं, म्हणून मी घातलं नाही. यादी लागल्यावर दोन दिवसांनी सकाळी कॉम्प्युटर रूमच्या खिडकीशी तात्या उभे. आत आले नाहीत. काचेवर बोटानं टकटक केलं. मी खिडकी उघडली.

"अनिलराव, जरा मशीनीत बघ की. माझं नाव आडकलं आसंल कुठं. फळ्यावर आलं न्हाय."

"मशीनमध्ये काही नाही, तात्या."

"न्हवं, हँग झालं आसंल. बघ तर."

मी बघितल्यासारखं केलं. कळा दाबल्या, पडद्याकडं पाहिलं. मग म्हणालो, "वरूनच नाव आलं नाही."

"वरनं," तात्या म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या खिशावरच्या बिल्ल्याकडं गेलं, कायमवाल्यांना मिळतो त्या. चेहरा एकदम खुलला त्यांचा. "आरं, तू कायम झालास व्हय! बोलला न्हाईस ते? लई झ्याक झालं बघ. आपला एक मानूस आत ऱ्हायला. कधीतरी सायबाच्या कानावर घाल माझं."

"घालतो, तात्या," मी म्हणालो.

ते एसटी गाठायला फाटकाकडं निघाले. मला त्या वेळी लाज वाटली, असं इथं लिहायला पाहिजे. नाही वाटली. ती फार नंतर आली. तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि मनात म्हणालो, सुटलो बाबा, ह्यांना काही कळलेलं नाही.